माझ्याच पोटातली पिशवी

भूल उतरताना आधी कान जागे झाले. पापण्या उचलत नव्हत्या, घशात नळी घातल्याची खरखर होती आणि बाहेर सोलापूरचं वैशाखाचं ऊन असताना मी ब्लँकेटाखाली दात वाजवत पडले होते. सिस्टरनं गालावर चापट्या मारत नाव विचारलं, गाव विचारलं, मुलगी कितवीत आहे तेही विचारलं. मी सगळी उत्तरं दिली म्हणे.

मला मात्र एकच विचारायचं होतं. पिशवी ठेवली का? आदल्या दिवशी डॉक्टरांना मी स्वतः बजावलं होतं, गाठ तेवढी काढा, गर्भाशयाला हात लावू नका. मुलगी आहे, पण मला अजून एक मूल हवं होतं. डॉक्टर हसून "बघू" म्हणाले होते.

जीभ इतकी जड, की "पिशवी" एवढंच फुटलं. सासूबाई उशाशी होत्या. त्या अक्कलकोटकडच्या, माया आली की कन्नडवर जातात. "सुम्मनिरव्वा, गप पड," म्हणत त्यांनी ओला कापूस माझ्या ओठांवरून फिरवला. "सुटलीस बघ. लई मोठी हुती की. ट्रेमधी घालून दावली आमाला."

"गाठ?"

"गाठ आन पिशवी, दोनी."

तेवढ्यात नवरा चहा घेऊन आला. त्याला विचारलं, तर सरळ सांगून मोकळा झाला. "डॉक्टर मधेच दारात आले. गाठ परत होऊ शकते, पिशवीच काढून टाकू का म्हणाले. मी हो म्हणलो."

"जिवाला धोका होता?"

"तसं न्हाय. पण परत कटकट कशाला?"

"आणि मला कोण विचारणार?"

"तू भुलीत होतीस की."

न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत म्हणतात. मी बोलून ठेवलं होतं, तरी माझा निकाल दारातच लागला. रडले की टाके ओढायचे, म्हणून रडणंही जपून.

मग शहाळी घेऊन नातेवाईक येऊ लागले. ऑपरेशनच्या दिवशी न आलेल्या मोठ्या जाऊबाईंनी दोन्ही हातांनी पिशवीचं माप करून दाखवलं. तुम्हाला कसं कळलं विचारलं, तर समजलं, माझ्या नवऱ्यानं ट्रेचा फोटो काढून भावाभावांच्या ग्रुपवर टाकला होता. मी सोडून सगळ्यांनी पाहिला होता.

संध्याकाळी म्हटलं, "अहो, मलाही दाखवा."

"डिलीट केला," तो माझ्या कपाळावर हात ठेवत म्हणाला. "तुला बघवणार न्हाय म्हणून."

लाखात एक नवरा मिळाला, असं शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली. फोटो मोठ्या दिरांच्या फोनमध्ये अजून असेल. आता माझ्याच पोटातलं बघायला मी दिरांपुढं हात पसरायचा.