दोन जिन्यांचं कोर्ट

आमची ताई वास्तुविशारद, पण त्याआधी ती मानवशास्त्र शिकली. बाबा वैतागायचे, "माणसं रोज दिसतात की! त्यांचा कसला अभ्यास?" ताई हसायची आणि आपलं तेच करायची.

पुढे ती सरकारी इमारतींच्या कामात शिरली. शाळा, दवाखाने, वाचनालयं. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी ती जुन्या इमारतीत नुसती जाऊन बसायची. कोण कुठं टेकतं, कोण कुणाला टाळतं, डबा कुठल्या कोपऱ्यात उघडतात, हे बघत. कचेरीतले लोक तिला गमतीनं 'बाकावरच्या बाई' म्हणायचे.

मग कौटुंबिक न्यायालयाच्या नव्या इमारतीचं काम तिच्याकडे आलं. जुन्या कोर्टात एकच अरुंद जिना. नवरा, बायको, दोन्हीकडचे पाहुणे, सगळे तिथंच एकमेकांना घासून चढायचे. एक बाई तारखेला नेहमी खूप आधी येऊन बसायची. ताईनं कारण विचारलं तर म्हणाली, "जिन्यात सासरे गाठतात हो. वर पोचेपर्यंत धमकावत राहतात."

ताईनं आराखडा केला तो दोन दारांचा, दोन जिन्यांचा. मधोमध मुलांची खोली, तिला दोन्हीकडून वाट.

बैठकीत मोठे इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, भांडण एकच ना? मग जिने दोन कशाला?"

सगळे खो खो हसले. ताई नाही हसली. "साहेब, भांडण एकच आहे, पण घाबरलेलं माणूस आणि घाबरवणारं माणूस एकाच जिन्यानं चढतात."

"एक जिना काढा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ."

"द्या," ताई म्हणाली.

आणि खरंच दिलं. ताई नकाशाची गुंडाळी काखेत मारून घरी आली. आई म्हणाली, "अगं, एका जिन्यासाठी एवढं?" ताई हात धुऊन जेवायला बसली. मला मात्र तिचा भारी अभिमान वाटला, अगदी छाती फुगावी असा.

वर्ष गेलं. दुसऱ्याचा आराखडा मंजुरीच्या फेऱ्यांत अडकला होता. तेवढ्यात जुन्या जिन्यात दोन्हीकडच्यांची ओढाताण झाली, आणि त्यात एका पोराचा हात मोडला. न्यायाधीश बाईंनी स्वतः चौकशी केली, तो नाकारलेला आराखडा कुणाचा होता म्हणून.

मोठ्या इंजिनिअरांचा फोन आला. आवाज जरा खाली. "तो दोन जिन्यांचा नकाशा आहे का हो अजून?"

"आहे," ताई म्हणाली. "फक्त मुलांच्या खोलीची खिडकी आणखी खाली घेतलीय. त्यांना बाहेरचं दिसायला हवं."

काम गेलं तरी ही बया त्यावर झुरत नव्हती, तो नकाशा सुधारत बसली होती!

इमारत उभी राहिली. उद्घाटनाला ताई मागच्या रांगेत होती. ती खरी गेली ती नंतर, कामकाजाच्या दिवशी, बाबांना घेऊन. फाटकातूनच दिसलं, मुलांच्या खोलीच्या खिडकीशी दोन मुलं नाक चिकटवून रस्त्यावरचा बुलडोझर बघत होती. बाबा फाटकावरच्या शिपायाला थांबवून सांगायला लागले, "हे सगळं माझ्या लेकीनं बांधलंय!"

"छान झालंय, आजोबा," शिपाई म्हणाला. "पण पिशवी तपासू द्या आधी."

बाबांनी पिशवी उघडून धरली आणि तपासणी होईपर्यंत त्याला दोन्ही जिन्यांची सगळी हकिगत ऐकवली.