आज आम्ही कॉफीला थांबलो नाही

मंडळी, आज सकाळचंच सांगते.

इथे आयर्लंडमध्ये, किलकेनीत माझ्या शेजारी लुझ राहते, फिलिपिनो नर्स. मला ताई म्हणते. तिची आई तिकडे गावी वारली आणि तिला वेळेत जाता आलं नाही. चर्चच्या हॉलमध्ये बसून आम्ही मोबाईलवर दफन पाहिलं.

त्यांच्यात अंत्यविधीहून कोणी सरळ घरी जात नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, म्हणजे गेलेलं माणूस मागोमाग घरी येत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना शेवटचा निरोप दिल्यावर लुझनेच मला हट्टाने कॉफीला नेलं होतं. आपल्याकडे थेट घरी येऊन आंघोळ करतात, म्हणून मी कुरकुरले होते. थांबण्यामागचं कारण मला नंतर कळलं.

आज मीच म्हटलं, "चल, कॉफी घेऊ."

"नको ताई, सरळ घरी जाऊ. आईने माझं इथलं घर पाहिलंच नाही. येऊ दे तिला."

घरी आल्यावर तिने दार बराच वेळ उघडंच ठेवलं. गार वारा आत येत होता.

तेव्हापासून एकच मनात येतंय. ह्यांच्या वेळी मी कॉफीला थांबले नसते तर?

तुमच्यापैकी कोणी असं दार उघडं ठेवलंय का?