भोंग्याच्या आदल्या दिवशी

काहीच घडलं नाही, हेच आपलं काम, ही गोष्ट रोहिदासला बावीस वर्षांत कुणाला पटवून देता आली नाही. खालापूरजवळच्या एका रसायन कारखान्यात तो जनसंपर्क अधिकारी होता. पदनाम भारदस्त, टेबल मात्र जिन्याखाली.

दर तीन महिन्यांनी कारखान्यात वायुगळतीचा सराव व्हायचा आणि मोठा भोंगा वाजायचा. आदल्या दिवशी रोहिदास मोटारसायकल काढून डोंगरालगतच्या पाचही वाड्यांवर सांगून यायचा. नुसती पत्रकं वाटून तिथे भागत नाही. ठाकरांच्या वाडीत जनाबाईच्या ओट्यावर बसायचं, कोरा चहा प्यायचा, तिच्या सुनेची, सध्या ती गरोदर होती, चौकशी करायची आणि मग भोंग्याचा विषय काढायचा. पुढचं सगळं जनाबाई बघायची.

आता मुख्य कार्यालयातून सुप्रिया मॅडम आल्या होत्या. या पदाचा उपयोग सिद्ध करा, नाहीतर पद बंद. आणि पुरावा कसला, तर वर्तमानपत्रांतली कात्रणं! रोहिदासने वर्षवार फायली मांडल्या. सगळ्या किडकिडीत, एकच जाडजूड. मॅडमनी नेमकी तीच उचलली.

"एक्केचाळीस बातम्या! असं काम नंतर का नाही केलंत?"

रोहिदासच्या मस्तकात तिडीक गेली. "मॅडम, वाचा तरी. त्या साली मला कावीळ झालेली. वाड्यांवर कुणीच गेलं नाय. भोंगा वाजला तशी माणसं पोरं घेऊन पळाली, एका म्हातारीचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी लोकांनी गेट अडवलं. त्याच्या बातम्या हायत या!"

मॅडमनी जरा विचार केला. "म्हणजे तुम्ही नव्हतात, तेव्हाच कंपनीचं नाव जास्त छापून आलं?"

आता या बाईपुढे कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव होता. नाहीच गेलो तर? एकदाच. मग कळेल यांना, रोहिदास काय करतो ते. संतापाच्या भरात तो थेट घराकडे निघालाही. पण जनाबाईच्या सुनेला नववा लागला होता. ती पळाली तर? स्वतःलाच शिव्या हासडत त्याने गाडी वळवली.

"आलात? म्हंजे उद्या भोंगा," म्हणत जनाबाईने चहाचं आधण ठेवलं.

सकाळी दहाला भोंगा वाजला. वाडीत कुणी हातातलं कामसुद्धा थांबवलं नाही. सुप्रिया मॅडमनी तक्त्यात रोहिदासच्या नावापुढे, बातम्यांच्या रकान्यात, शून्य भरलं आणि तक्ता वर पाठवून दिला.