लाल दोऱ्याचं पातेलं

गुन्वोर गावच्या शाळेची बस चालवायची. डिसेंबरात सकाळी फ्योर्डवर, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीवर, मिट्ट काळोख असायचा, रस्ता काचेसारखा निसरडा झालेला असायचा. तरी गावातल्या आया पोरांना बसच्या पायरीवर चढवायच्या आणि पाठ फिरवून घरात जायच्या. बस वळणापलीकडे जाईपर्यंत कुणी दारात उभं राहायचं नाही. गुन्वोरला याचा अभिमान वाटायचा, तेवढाच धाकही. निघण्याआधी ती पोरांची डोकी मोजायची आणि पहिल्या फाट्यावर पुन्हा मोजायची. "मेंढ्यासुद्धा तू एवढ्या मोजत नाहीस," असं तिचा नवरा स्टाइनार म्हणायचा.

पुढे स्टाइनार गेला, नोकरी संपली, मेंढ्याही थोड्याच उरल्या. काळजी मात्र होती तेवढीच राहिली, आणि ती सगळी एकुलत्या एका मुलाच्या, आयलेवच्या वाट्याला आली. तो बर्गन शहरात राहायचा. घाटात बर्फ पडल्याची बातमी लागली की ती त्याला फोन करायची, तो त्या दिवशी घरातच बसलेला असला तरी.

आयलेवनं इफ्राशी लग्न केलं. इफ्रा नर्स, लहानपणी आईबरोबर सोमालियातून आलेली, बर्गनच्या शाळेत शिकलेली. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला दोघं घरी आले. नाताळच्या आदल्या संध्याकाळी या भागात घरोघरी खारवून वाळवलेल्या मेंढीच्या बरगड्या असतात. पातेल्याच्या तळाशी बर्च झाडाच्या सोललेल्या काड्या रचायच्या, त्यांवर बरगड्या ठेवायच्या आणि तासन् तास वाफेवर शिजवायच्या. गुन्वोर निश्चिंत होती. सून डुकराचं खात नाही हे तिला ठाऊक होतं, आणि या जेवणात डुक्कर कुठे होतं? मेंढीच तर होती. इफ्रानं मात्र बटाटे आणि लोणी तेवढं खाल्लं, पोट भरलं म्हणून हसली आणि भांडी घासायला उठली. मग स्वयंपाकघरात आयलेवनं आईला हळूच सांगितलं, की प्रश्न मेंढीचा नसतो, ती कुणी, कशी कापली याचा असतो. बाहेरच्या खोलीतून स्टाइनारचा धाकटा भाऊ ओडमुंड मोठ्यानं म्हणाला, "वहिनी, मेंढीला धर्म असतो हे आजच कळलं हो मला." कुणी हसलं नाही.

त्यानंतर दर नाताळला इफ्राला नेमकी रुग्णालयात पाळी असायची, आणि आयलेवही तिच्यासाठी तिथेच थांबायचा. गुन्वोर फोनवर "काम ते काम" म्हणायची. पण रुग्णालयात सणाच्या पाळ्या आळीपाळीनं लागतात, दरवर्षी एकीलाच लागत नाहीत, एवढं तिला कळत होतं. उणीदुणी कुणी काढली नव्हती. मुलगा रुसून गेला असता तर समजूत तरी काढता आली असती. हा तर हसतखेळतच दूर चालला होता.

म्हणूनच, या वर्षी मेंढ्या डोंगरावरून उतरल्या त्याच सुमारास इफ्राचा फोन आला, तेव्हा गुन्वोर पायरीवरच बसली. माझी आई यंदा आमच्याकडेच आहे, नाताळला आम्ही तिघं आलो तर चालेल का, असं इफ्रा विचारत होती. गुन्वोरनं हो म्हटलं, आणि त्याच दमात विचारलं, "मेंढी कशी कापायची ते आता नीट सांग. मी लिहून घेत नाही, ध्यानात ठेवते."

दोन खोरी ओलांडून एक कत्तलखाना होता, तिथे ठरावीक दिवशी हलाल पद्धतीनं जनावरं कापायचे. ओडमुंड गाडी घेऊन यायला तयार झाला नाही, तेव्हा एक कोकरू तिनं स्वतःच गाडीत घालून नेलं. बरगड्या घरी आल्यावर मीठ लावायला नवी परात आणली. माळ्यावर वाळत घालताना एका टोकाला हे मांस, दुसऱ्या टोकाला नेहमीचं. मधे एवढी जागा सोडली होती की जणू दोघांत भांडण आहे. नवं पातेलं आणलं, नवी पळी आणली आणि दोन्हींच्या मुठीला विणकामातला लाल लोकरीचा दोरा बांधला. काड्यासुद्धा वेगळ्या तोडल्या. मधूनच काही आठवलं की इफ्राला फोन करायची: बर्चच्या झाडाला तर काही नियम नाही ना? इफ्रा हसून म्हणाली, "नाही, आई. झाड बिचारं सगळ्यांचं."

सगळ्यांनीच लाल दोऱ्याचं खावं, असंही तिच्या मनात होतं. पण ओडमुंड अडून बसला. स्टाइनार गेल्यापासून तो नाताळला एकटाच या टेबलावर यायचा, आणि बरगड्यांवर शेवटच्या अर्ध्या तासात सॉसेज वाफवून घातल्याशिवाय त्याला सण झाल्यासारखं वाटायचं नाही. त्या सॉसेजमध्ये डुकराचं मांस असतं. म्हाताऱ्या माणसाला कुठे दुखवा, म्हणून गुन्वोरनं दोन पातेली ठरवली. सलगमाचं भरीत मात्र एकच. पिवळा सलगम उकडून, घोटून, त्यात लोणी आणि साय घालायची. यात ना मांस ना काही. निदान एक वाडगा तरी असा असावा ज्यात सगळ्यांचे चमचे जातील, ही तिची हौस होती.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारनंतर दोन्ही पातेली शेगडीवर वाफाळत होती. गाडी घाट उतरल्याचा निरोप आला आणि गुन्वोरचा जीव भांड्यात पडला. तिनं सलगम घोटले, लोणी घातलं, मिरी घातली, चाखून पाहिलं. थोडं अळणी होतं. मग तिच्या हातानं ते केलं जे तो हात लग्न होऊन या घरात आल्यापासून दर नाताळला करत आला होता. डावीकडच्या पुढच्या शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण सरकवलं, तळाचं खारं, मांसाच्या चवीचं पाणी पळीभर घेतलं आणि भरतात ओतलं. घोटलं, चाखलं. आता झकास झालं होतं.

पळी खाली ठेवताना तिचं लक्ष मुठीकडे गेलं. दोरा नव्हता.

डावीकडच्या पुढच्या शेगडीवर ओडमुंडचं जुनं पातेलं होतं. बरगड्यांवर त्याची सॉसेजं फुगून तकाकत होती. लाल दोरा मागच्या शेगडीवर नुसता वाफ खात होता.

त्याच वेळी बाहेर गाडी थांबली. पाचची घंटा गावच्या चर्चमध्ये वाजू लागली. ओसरीत बूट काढल्याचे, बर्फ झटकल्याचे आवाज आले, आणि आयलेव लहानपणी मारायचा तशी "आई" म्हणून हाक आली.

इफ्राची आई दहाबो ठेंगणी, भरल्या अंगाच्या बाई होत्या. बालवाडीत वर्षानुवर्षं काम केलेलं, त्यामुळे मोठ्यांशीही मुलांशी बोलावं तसं सरळ बोलायच्या. त्यांनी हलव्याचा डबा गुन्वोरच्या हातात दिला, घरभर पसरलेला वास नाकात ओढला आणि म्हणाल्या, "घाटात तुमच्या मुलानं मला दोनदा देव आठवायला लावला. आता जेवायला वाढा."

गुन्वोर हसली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पळीभर पाणी. कुणाला दिसलं नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं, चवीवरून तर मुळीच नाही. सांगितलं तर? इफ्रा पुन्हा बटाटे आणि लोणी खाईल आणि पोट भरलं म्हणेल. आयलेवच्या चेहऱ्यावर पुन्हा तोच समजूतदारपणा येईल, ज्याची तिला रागापेक्षा जास्त भीती वाटायची. आणि पुढच्या वर्षी रुग्णालयात पाळी असेल. वाडगा पाडून फोडावा, असंही एकदा तिच्या मनात आलं. पण तिनं तो मुकाट्यानं टेबलावर नेऊन ठेवला.

सगळे बसले. लाल दोऱ्याच्या पातेल्यातल्या बरगड्या इफ्रापुढे आणि दहाबोंपुढे आल्या. इफ्रानं आईच्या कानाशी लागून काही सांगितलं; कोकराचं, परातीचं, काड्यांचं असावं. दहाबोंनी मान डोलावली, आणि निश्चिंत मनानं भरताच्या वाडग्याकडे हात नेला. आत काय आहे म्हणून विचारलंसुद्धा नाही.

त्या न विचारण्यानंच गुन्वोरला अडवलं. काळोखात पोर पायरीवर चढवून पाठ फिरवणाऱ्या आया तिला दिसल्या. तिनं वाडग्यावर हात आडवा धरला.

"थांबा. हे तुम्हाला चालणार नाही. यात ओडमुंडच्या पातेल्यातलं पाणी पडलंय. माझ्याच हातून. सवयीनं."

ओडमुंड पुटपुटला की एका पळीनं काय होतंय, आणि आयलेवनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपल्या ताटाकडे वळला. इफ्रा नेहमीसारखी हसायला गेली आणि म्हणाली, "असू दे आई, आम्ही बटाटे..."

"तू गप्प बस गं," दहाबो मुलीला म्हणाल्या. मग त्या गुन्वोरकडे वळल्या. "आयलेवची आई, या देशात मी पुष्कळ घरी जेवले. सगळीकडे मला सांगतात, यात काही नाही हो, खा. 'यात आहे, खाऊ नका' असं सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "सलगम शिल्लक आहेत का?"

तळघरात होते. दहाबोंनी बाह्या सरसावल्या. बरगड्या पुन्हा वाफेवर चढल्या आणि सणाच्या कपड्यांतल्या दोन विहिणी ओट्याशी उभ्या राहून सलगम सोलू लागल्या. शेजारच्या सगळ्या घरांत पाचची घंटा झाली की ताटं वाढली जातात; या घरात त्या वर्षी जेवण कधी झालं ते कुणी पाहिलं नाही. ओडमुंडला पहिला वाडगा अख्खाच्या अख्खा मिळाला. "एवढं कोण संपवणार?" असं तो म्हणाला, आणि तो संपवू लागला.

सोलता सोलता दहाबो सांगत होत्या की आमचेही लोक मेंढ्यांचेच. त्यांची आई मांसाच्या लांब पट्ट्या दोरीवर वाळवायची, मग बारीक तुकडे करून तुपात तळून महिनोन् महिने ठेवायची. इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण माळ्यावर मांस वाळत घालणाऱ्या बाईशी गाठ पडली नव्हती. मग पातेल्याच्या मुठीकडे सुरी रोखून त्या म्हणाल्या, "दोरा पातेल्याला कशाला बांधलात? चुकला तो हात ना? हाताला बांधायचा."

गुन्वोरला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. ते तिनं बाहीला पुसले, कारण हात सलगमानं माखले होते. दारात आयलेव उभा होता. तो सुरी घेऊन दोघींच्या मधे उभा राहिला आणि सोलू लागला. लहानपणी सोलायचा तसाच, जाड साली काढत. "अर्धा सलगम सालीतच गेला," दहाबो म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं याला?" "वडिलांनी," गुन्वोर म्हणाली.

दुसऱ्या वाडग्यात भरीत झालं. लाल दोऱ्याची पळी लाल दोऱ्याच्या पातेल्यात गेली, दहाबोंच्या देखत, आणि त्यांनी चाखून आणखी अर्धी पळी मागितली. इफ्रानं बरगडी हातात धरून हाडापर्यंत चाखली. इतक्या वर्षांनी सून आपल्या टेबलावर भुकेल्या माणसासारखी जेवताना गुन्वोरनं पाहिली. स्वतःचं ताट तिनं जवळजवळ तसंच ठेवलं. खायचं सुचलंच नाही.

पुढच्या वर्षी मेंढ्या डोंगरावरून उतरायच्या आधीच इफ्राचा फोन आला. रुग्णालयातल्या पाळीचं काही बोलणं नव्हतं. मीठ लावायला माझ्या आईला यायचंय, चालेल का, एवढंच विचारत होती.

नाताळच्या आदल्या दिवशी गुन्वोरनं पातेली चढवताना जागा बदलल्या. हाताला या वयात नवं वळण लावणं कठीण; मग हात जिथे आपोआप जातो तिथेच योग्य पातेलं असलेलं बरं. डावीकडच्या पुढच्या शेगडीवर तिनं लाल दोरा ठेवला. ओडमुंड डोकावून म्हणाला, "वहिनी, माझं पातेलं मागे का ढकललंत?"

"ते मागे शिजलं तरी तुम्ही खाणारच आहात, भावजी," गुन्वोर म्हणाली. भरीत अळणी होतं. तिनं पुढचं झाकण सरकवलं आणि पळी बुडवली.