बधिर पायांच्या बाई

आमच्या बाईंसमोर शब्द जपून वापरावा लागे. चुकीचा वापरला तर त्या रागवायच्या आणि बरोबर वापरला तरी त्या शब्दाचं गाव, आईबाप, सगळं खानदान ऐकून घ्यावं लागे. वाशीच्या आमच्या सोसायटीत त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, पण शिकवणं काही थांबलेलं नव्हतं. लिफ्टपाशी त्या दिसल्या की मी सरळ जिना धरायचो.

मधुमेहाने त्यांच्या तळपायांची जाणीव गेली. दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, "पाय बधिर झालेत. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही."

बाईंनी त्यांचाच तास घेतला. "अहो डॉक्टर, संस्कृतात बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. आपला 'बहिरा' त्यातूनच आला. मराठीने बहिरा कानापुरता ठेवला आणि बधिर सगळ्या अंगाला देऊन टाकला. तेव्हा माझे पाय बहिरे झालेत म्हणा!" बाहेर पेशंट ताटकळले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल न्हावा शेव्याहून घरी येताना जासईजवळ मोटरसायकलवरून पडला. डोक्याला मार बसला, शुद्ध हरपली. बाईंनी नवस बोलला, पोराने डोळे उघडेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. ऐन मे महिना. रोज भर दुपारी त्या तापलेल्या डांबरावरून चालत हॉस्पिटलला जायच्या. मी भांडलो, रिक्षा आणून दारात उभी केली.

"अरे, ज्याला चटका बसतो त्याने घाबरावं. माझ्या पायांना देवाने आधीच बहिरं करून ठेवलंय."

आयुष्यभर शब्दांचा कीस काढणाऱ्या बाईंनी चटका बसणं आणि तो कळणं यांत फरक केला नाही, याचा मला आजही राग येतो.

निखिलने डोळे उघडले तोवर त्यांच्या तळव्याचे फोड फुटून जखम आतपर्यंत चिघळली होती. त्यांना काही कळलंच नव्हतं. पाय कापला, तरी विष अंगात भिनलंच. पाऊस लागायच्या आत बाई गेल्या.

स्मशानात निखिलने माझा हात धरून, अनवाणीच, सगळं पार पाडलं. उन्हाने फरशी नुसती पेटली होती. शेवटी मी त्याच्या पायांपुढे चप्पल सरकवली. त्याने ती बाजूला लोटली.

"निखिल, पाय भाजतील रे."

"भाजतायत, काका," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.