तांडेलकाकांचा अ‍ॅम्प

तांडेलकाकांनी आमच्या गोदामात कधी इंटरकॉम वापरला नाही. विक्रोळीला हमरस्त्याला लागून आमचं औषधांचं तीन मजली गोदाम आहे. मी दुसऱ्या मजल्यावर बिलिंगला, काका तळमजल्यावर डिस्पॅचला. ट्रक लागला की ते जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहत, कमरेवर हात ठेवत आणि हाक देत, "गो बाय ऽऽ, ठाण्याचं बिल!" दोन मजले चढून आलेली ती हाक ओरडल्यासारखी वाटत नसे, सुरात असे. नव्या मॅनेजरने एकदा त्यांना बोलावून इंटरकॉमचं बटण दाखवलं. काकांनी ते नीट पाहून घेतलं, "झकास हाय" म्हणाले आणि खाली जाऊन पुन्हा हाकच मारली.

हिराजी तांडेल माहुलच्या कोळीवाड्यातले. वडिलांची होडी होती. खाडीत मासळी कमी होत गेली तशी ती विकली गेली आणि काका नोकरीला लागले. त्यांची बायको, वनिताकाकी, चेंबूरच्या बाजारात मासळी विकायच्या. काका हळदीला गायचे. त्यांच्या वाड्यात लग्न ठरलं की आधी त्यांना विचारायचे, मग हॉलवाल्याला. कामावर मात्र ते गाण्याची फुशारकी कधी मारत नसत. डबा खाताना प्रत्येकाला "जेवलीस का गो बाय", "जेवलास का रे" एवढं विचारायचे. न जेवलेल्याच्या पुढ्यात आपल्या डब्यातला सुकटीचा वाटा सरकवायचे.

मी कॉलेजात असताना इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे, आमचा चौघांचा बँडही होता, हे त्यांना कसं कोण जाणे कळलं. मग त्यांनी माझा पिच्छाच धरला. गिटार आता कपाटावर असते म्हटल्यावर म्हणाले, "कपाटावर ठेवायला ती काय बॅग हाय? आवाज हाय तो. वापरला नाय तर गंजतो." मी हसून वेळ मारून नेली.

त्यांच्याच आवाजाला काहीतरी होतंय हे आम्हाला लग्नसराईनंतर जाणवलं. घसा बसलाय, गाऊन गाऊन बसला असेल, असं सगळेच म्हणत होते. दोन महिन्यांनीही तो सुटेना. दिवसाला एक पाकीट सिगारेट ओढायचे. तपासण्या झाल्या, घशातला तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढावं लागेल असं सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते दोन मजले चढून माझ्या टेबलापाशी आले. एरवी ते कधी वर येत नसत. बसक्या, फाटलेल्या आवाजात म्हणाले, "बाय, उद्यापासून सुट्टी. आवाज काढून घेतायत." त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

चार महिन्यांनी ते परत कामावर आले तेव्हा गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी भोक पाडलेलं होतं आणि त्यावर पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बांधलेला होता. त्यांना दुसऱ्या मजल्यावर रेकॉर्डच्या कामाला बसवलं, माझ्या शेजारच्या टेबलावर. गळ्याला लावून बोलायचं एक बॅटरीवरचं यंत्र त्यांना मिळालं होतं. त्यातून बोललं की आनंद, राग, प्रश्न, सगळं एकाच घरघरत्या पट्टीत बाहेर यायचं. दोनदा वापरून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. नंतर वही काढून मला लिहून दाखवलं, "ह्यात मी नाय बोलत. मशीन बोलते." लिहितानाही ते त्यांच्या बोलीतच लिहीत. त्यामुळे वही वाचताना माझ्या कानात त्यांचा जुना आवाज यायचा आणि मला वर बघवत नसे.

एका सोमवारी ते गिटार घेऊन आले. पुतण्याची होती. तो जहाजावर नोकरीला लागला होता आणि गिटार घरात पडून होती. काकांनी ती माझ्या पुढ्यात ठेवली आणि एक तार छेडली. अ‍ॅम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटार जेमतेम कुजबुजते. काकांनी वहीत लिहिलं, "हिला पन आवाज नाय. कसा आनायचा?"

मी समजावलं, की हिला अ‍ॅम्प लागतो. तार छेडल्यावर जो बारीकसा करंट तयार होतो तो मोठा करून स्पीकरमधून बाहेर काढणारा डबा. शिकणाऱ्यासाठी छोटे मिळतात, प्रॅक्टिस अ‍ॅम्प म्हणतात त्यांना. त्यांनी लगेच लिहिलं, "पाच हजाराच्या आत. ट्रीटमेंटने वाट लावली हाय." आणि त्याखाली, "तू चल. तुना कलतं त्यातलं."

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर आम्ही चेंबूरला गेलो. स्टेशनच्या मागच्या गल्लीत जुनी वाद्यं दुरुस्त करून विकणारं एक दुकान मला कॉलेजपासून माहीत होतं. दुकानदार म्हातारा झाला होता, पण तोच होता. त्याने आधी काकांच्या गळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता तीन अ‍ॅम्प काढून काउंटरवर मांडले. पहिला तळहातावर मावेल एवढा, बॅटरीवर चालणारा, दिसायला खेळण्यासारखा. दुसरा नवाकोरा, डिजिटल. त्यात शंभर तऱ्हेचे आवाज होते, बजेटच्या थोडा बाहेरही होता. तिसरा जुना, पंधरा वॅटचा, आठ इंची स्पीकरचा, एक बटण तुटलेलं. त्यात एक साधा आवाज आणि एक करकरणारा, एवढंच.

"काका, हा घ्या," दुकानदार डिजिटलवर हात ठेवून म्हणाला. "शंभर आवाज आहेत, कधी कंटाळा नाही येणार."

काकांनी वहीत लिहून त्याच्यापुढे धरलं, "मना एकच पायजे."

मी आपली शहाण्यासारखी सल्ले देत होते. आधी साधा, स्वच्छ आवाज बघायचा, करकर नंतर. आवाज कमी ठेवूनही सूर पातळ होत नाही ना ते बघायचं. जुना घेताना प्रत्येक बटण फिरवून खरखर ऐकायची, वायर हलवून बघायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हेडफोनची जागा हवी. "तुमच्याकडे घराला घर लागून आहे ना, काका. हेडफोन लावले की शेजाऱ्यांना त्रास नाही, कितीही वाजवा." जुन्या अ‍ॅम्पला हेडफोनची जागा नव्हती, म्हणून मी तो बाजूलाच सारत होते.

काकांनी माझा हात धरून थांबवलं आणि लिहिलं, "हेडफोन लावून मीच ऐकनार ना? मना तर ऐकू येतंच हाय. लोकांना ऐकू येत नाय."

मी जुना अ‍ॅम्प परत पुढे ओढला.

मग त्यांनी आपली परीक्षा सुरू केली. मला खुणेने सांगितलं, की प्रत्येक अ‍ॅम्पवर एकच तार हळू छेडायची. आणि स्वतः रस्ता ओलांडून पलीकडच्या रसवंतीपाशी जाऊन उभे राहिले. मध्ये रिक्षा, टेम्पो, एक बस. दुकानदार म्हणाला, "अहो, एवढ्या ट्रॅफिकमध्ये काय ऐकू येणार त्यांना?" मी तार छेडली. काकांनी मानेनेच नाही म्हटलं. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या, जुन्या अ‍ॅम्पवर छेडली तेव्हा ते क्षणभर तसेच उभे राहिले. नंतर पलीकडूनच त्यांनी हात वर केला, होडीवरून किनाऱ्याला खूण करतात तसा. ऑपरेशननंतर ते हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

दुकानदाराने बटणांवर तेलाचा फवारा मारून खरखर काढली, तुटलेल्या बटणाच्या जागी दुसऱ्याच रंगाचं बसवलं आणि वायर आपल्याकडून दिली. रिक्षात काका अ‍ॅम्प मांडीवर घेऊन बसले. डिकीत ठेवू म्हटलं, तर ऐकलं नाही.

घरी पोचलो तेव्हा वनिताकाकी मासळी साफ करत होत्या. मी वायर जोडून दिली. काकांनी बटण लावलं, आवाज निम्म्यावर आणला आणि एक मोकळी तार वाजवली. घर भरून गेलं. शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. काकी हात तसेच ओले ठेवून आतून आल्या, नवऱ्यासमोर फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बोल."

त्यानंतर काही रविवार मी माहुलला जात राहिले. मला वाटलं होतं, एखादं सोपं गाणं शिकवावं. पण काकांना त्यांच्या आईचं गाणं हवं होतं. तीनच ओळींचं. नवरा दर्यावर गेला की आई ते म्हणायची आणि पुढे काका म्हणायचे, पण घरातच, हळदीला कधी नाही. शब्द त्यांनी वहीत लिहून दिले. पहिल्या ओळीत बाई दर्याला विचारते, माझी होडी कुठे आहे. दुसरीत सांगते, भात झाकून ठेवलाय. तिसरीत दर्या उत्तर देतो.

शब्द होते, चाल नव्हती. चाल फक्त काकांच्या डोक्यात होती आणि ती मला म्हणून दाखवायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. आम्ही मग एक सूर मी वाजवायचा, त्यांनी मानेने हो किंवा नाही म्हणायचं, असं सुरू केलं. वर, अजून वर, नाही, मागे. पहिली ओळ सापडायला तीन रविवार गेले. औषधांमुळे त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. तार दाबली गेली की नाही हे त्यांना बघून ठरवावं लागे. तरी रोज संध्याकाळी वाजवायचे. काकी सांगायच्या, "आता चहा पायजे तरी त्याच्यावरच वाजवतो. आन भांडतो पन त्याच्यावरच. मना सगलं कलतं." शेजाऱ्यांनी एकदाही तक्रार केली नाही. उलट एखाद्या संध्याकाळी अ‍ॅम्प वाजला नाही की कोणीतरी डोकावून विचारायचं, "आज गप का?"

दुसरी ओळ लवकर सापडली. ती मलाही पाठ झाली. तिसरी मात्र हाती लागेना. ती एकदम उंच जाते, एवढंच ते हात वर नेऊन सांगू शकत होते. मी वाजवलेल्या प्रत्येक सुराला ते नाही म्हणत होते. एकदा चिडून त्यांनी वहीत लिहिलं, "गल्यात हाय. गलाच नाय." आणि ते पान फाडून खिशात घातलं.

मग गोदामात वर्षअखेरची मालाची मोजदाद आली. त्याच सुमारास काकांनी पुन्हा रजा टाकली. रजेचं कारण मी विचारलं नाही. तपासणी असेल असं धरून चालले. त्यांचा मेसेज आला, "रविवारी ये. तिसरी ओल जवल आली हाय." मी लिहिलं, "काका, हा रविवार नाही जमणार, पुढच्या नक्की." पुढच्या रविवारी आमच्याकडे पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी मी नुसतीच थकले होते. दुसरं काही कारण नव्हतं, दुपारभर झोपले. त्या तिसऱ्या रविवारी त्यांचा मेसेजही आला नाही, आणि खरं सांगायचं तर मला थोडं सुटल्यासारखं वाटलं.

बुधवारी त्यांना हॉस्पिटलात हलवल्याचं कळलं. आजार परत आला होता, फुप्फुसापर्यंत पोचला होता. मी गेले तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडून ओळखलं. वही उशाशी होती, पण पेन धरायला बोटं वळत नव्हती. त्यांनी उजवा हात थोडा उचलला आणि बोट वर, अजून वर नेलं. मग ते किंचित खाली आणून थांबवलं. पुन्हा तसंच केलं. ते मला तिसरी ओळ दाखवत होते. मी मान डोलावली, समजल्यासारखी. मला काहीच समजलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी ते गेले.

बाराव्यानंतर मी काकींना भेटायला माहुलला गेले. अ‍ॅम्प खिडकीखाली होता, पुसलेला. गिटार खुर्चीला टेकवून ठेवलेली. मी काकींना म्हटलं, "तिसरी ओळ तुम्ही म्हणून दाखवा, मी शोधते." काकींनी डोळे मिटले, ओठ हलवले, थांबल्या. पुन्हा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "कानात येतं गो, तोंडात नाय येत. तो गायचा तवा आमी ऐकत बसायचो. शिकून घ्यायचं कुनाच्या मनात आलं नाय."

त्यांनी गिटार उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "जेवढं येतं तेवढं तर वाजव."

मी वायर लावली, बटण लावलं, आवाज निम्म्यावर ठेवला. पहिली ओळ वाजवली. दुसरी वाजवली. आणि थांबले. काकी तशाच बसून होत्या, मान जराशी पुढे करून, पुढचं ऐकायला. मला पुढचं येत नव्हतं.