काकूंचा चोरखिसा

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर बार्सिलोनाच्या विमानाची वाट बघताना त्या काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. चार दिवसांच्या सहलीला निघालेलं मराठी कुटुंब. नवरा आणि मुलगी समुद्रकिनाऱ्याचे फोटो बघत होते आणि काकू जॅकेटला आतून चोरखिसा शिवत होत्या. तिथे खिसेकापू फार, असं त्यांनी ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं. सकाळपासून दहा वेळा मी बॅग उघडून पासपोर्ट बघितला होता.

"चिल ला, आई," मुलगी सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"अगं, मजा करायला चाललोय आपण," नवरा हसला.

"तुम्ही करा मजा. मी तिघांचे पासपोर्ट सांभाळते." प्रत्येक टाक्यानंतर त्या दोरा ओढून बघत.

मग माझ्याकडे वळल्या. "तुझा कोण सांभाळणार?"

"मीच," मी म्हणाले. आमच्या घरात पासपोर्ट काढलेली मी पहिलीच. तो हरवला तर सिंगापूरला, कॉलेजात परत कसं यायचं, हे सांगू शकेल असं घरी कुणीच नव्हतं.

त्यांची सुई थांबली. "म्हणजे पासपोर्टच्या काळजीत तुझंही काही बघून होणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आण तुझं जॅकेट."

माझाही खिसा त्यांनी पक्का शिवला होता. तरी विमानात चढताना माझा हात त्यावरून हलेना. पुढे पाहिलं, तर काकूंचाही हात त्यांच्या खिशावरच होता.